आधीच काढलेली रेघ

१

बॉयलरची घरघर सुरू झाली की माझी सकाळ होते. आंघोळ, चहा, आणि मग जिन्याच्या वरची ती चिमुकली खोली, जिला इथे बॉक्स रूम म्हणतात. धड एक पलंग मावणार नाही एवढी. लीड्समधलं हे घर घेतलं तेव्हा ह्यांनी ती मला देऊन टाकली. म्हणाले, "तुझ्या देवांना इंग्लंडात प्रॉपर्टी मिळाली. आता तरी मला पेपर वाचू दे."

तिथे माझे देव आहेत, समई आहे आणि काळा रंग दिलेली प्लायवूडची एक फळी आहे. कार्पेटवर रांगोळी घालता येत नाही, म्हणून चातुर्मासात मी त्या फळीवर रोज गोपद्मं काढते. गाईच्या खुराएवढी पावलं, तेहतीस. चिमटीतून रेघ सुटते, जिथवर हात जातो तिथवरच ती असते, त्याच्या पुढे फळी काळी असते. हळदकुंकू वाहायचं, हात जोडायचे. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं सगळं टिपून घ्यायचं आणि पुन्हा काढायचं.

यंदाचा वसा माझ्या सुनेसाठी होता. अक्षराला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा हातात काही आलं नाही. आता तिसऱ्यांदा सातवा महिना लागला होता. या खेपेला बाळ रडू दे, एवढंच मी मागत होते. ते आलं की बॉक्स रूम त्याची होणार होती आणि माझे देव स्वयंपाकघरात, मायक्रोवेव्हच्या वरच्या फळीवर. मी आनंदानं हो म्हटलं होतं.

माझे यजमान शशिधर इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. आता निवृत्त झालेत, पण लोकांना झोपवायची सवय सुटलेली नाही. माझं बोलणं सुरू झालं की त्यांच्या पापण्या खाली येतात.

"आज कशाचा उपास?"

"सोमवार आहे."

"गेल्या सोमवारीही सोमवारच होता. दर आठवड्याला कळवावं लागतं का देवाला? डायरी नाही त्याच्याकडे?"

अशी आमची सकाळ. कुणी ओरडत नाही, कुणी वाईट बोलत नाही. फक्त हसतात. मी ते साबुदाण्यासारखं भिजवून ठेवते आणि कामाला लागते.

२

माझा मुलगा अनय घरूनच काम करतो. वेबसाइटवर जे आलेख दिसतात ते तो बनवतो. शाळांना आणि केअर होमना हवा मोजायची यंत्रं विकणारी कुठलीशी कंपनी आहे, तिचं काम त्याच्याकडे होतं. नमुना म्हणून त्यानं आमच्याच घरात चार पांढऱ्या डब्या चिकटवल्या. बैठकीची खोली, आमची झोपायची खोली, अनय-अक्षराची खोली आणि बॉक्स रूम. माणूस श्वास सोडतो त्यानं बंद खोलीतली हवा जड होते, ती किती जड झाली ते डबी मोजते. खोलीत माणसं असली की रेघ चढते, रिकामी झाली की उतरून तळाला लागते. चार खोल्यांच्या चार रंगांच्या रेघा, आडवा अख्खा महिना. बॉक्स रूमची रेघ केशरी. "तुझा कलर," तो म्हणाला होता.

आणि पान उघडलं की या रेघा आयत्या दिसत नाहीत. डावीकडून निघतात, चढत उतरत आजच्या तारखेपर्यंत येतात आणि थांबतात. जणू कुणी समोर बसून काढतंय. या एका गोष्टीचा त्याला फार अभिमान.

"आई, तू टेस्टर. टीव्हीवर लावतो, बघ आणि सांग."

मी बघितलं. छान आहे म्हटलं. मग विचारलं, "कोण काढतं रे ही?"

"कोणी काढत नाही. रेघ आधीच पूर्ण असते. मी तिला तुटक रेघ करतो. एक तुकडा रेघेएवढा लांब, त्याच्यापुढे मोकळी जागा तेवढीच लांब. सुरुवातीला ती मोकळी जागा रेघेवर सरकवून ठेवतो, म्हणजे काही दिसत नाही. मग हळूहळू ओढून घेतो. बघणाऱ्याला वाटतं, काढली जातेय."

"म्हणजे तू काढत नाहीस. असलेली झाकतोस आणि मग उघडी करतोस."

"सगळं वेब असंच चालतं, आई."

पण मनात त्या रेघेबद्दल जे आलं, ते चांगलं नव्हतं. रांगोळीवाल्या बाईला असल्या रेघेचं कौतुक वाटायचं कारण नाही. जिला कुणाचा हात लागला नाही, जी चुकू शकत नाही, जी चालायचं नुसतं सोंग करते. लबाड कुठली, म्हटलं मी मनात, आणि भाजी चिरायला गेले.

३

सकाळच्या पूजेनंतर टीव्हीवर ते पान उघडून बघायचं, हे माझं नवं काम झालं. अनयला बरं वाटायचं.

रांगोळी काढताना बोटं मागे असतात आणि नजर पुढे, जिथे रेघ जायची आहे तिथे. ती सवय डोळ्यांना लागलेली. त्यामुळे पान उघडलं की सगळे डावीकडे बघतात, मी उजवीकडे बघायची. महिना नुकताच सुरू झालेला, उजवीकडचा सगळा भाग कोरा.

त्या दिवशी तो कोरा नव्हता.

पान उघडलं, आणि रेघा निघायच्या आधी, एक श्वास घ्यावा एवढ्या वेळात, उजव्या टोकाला, महिन्याच्या अगदी शेवटी, एक केशरी तुकडा दिसला. नखाएवढा. मग डावीकडून रेघा निघाल्या, आणि तो तुकडा मागे सरकत सरकत कडेला जाऊन दिसेनासा झाला. दारात उभं असलेलं माणूस आपल्याला बघून आत सरावं, तसा.

मी पान पुन्हा उघडलं. पुन्हा तेच.

"अनय, हे बघ."

त्यानं बघितलं आणि हसला. "अगं, हा बग आहे. मी रेघेची लांबी लॅपटॉपवर मोजून तोच आकडा लिहून ठेवला. टीव्ही मोठा, रेघ लांबली, आकडा कमी पडला. मग झाकण पुरत नाही आणि शेपटीचा तुकडा उघडा राहतो."

"पण आज पाच तारीख. रेघ आजपर्यंतच आहे ना? शेपटी तीस तारखेला कशी?"

त्यानं खांदे उडवले. "शेवटच्या पॉइंटला काहीतरी रिकामं व्हॅल्यू गेलं असेल. करतो फिक्स."

ह्यांनी पेपराआडून म्हटलं, "बघा, चार वर्षं युनिव्हर्सिटीत घातली आणि चूक कुणी काढली? देवघरानं."

अक्षरा सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. ती लंडनमध्ये, हाउन्सलोला जन्मली, वाढली. तिचं मराठी घाईघाईत गाठोडं बांधल्यासारखं. "आई, तुमचा डोळा खूप शार्प आहे. जॉब का नाही घेत? माझ्या ऑफिसमध्ये असे बायका लागतात, जे दुसऱ्याचा मिस्टेक शोधतात."

सगळे हसले. मीही हसले.

४

अनयनं दुरुस्त केलं. आता पान स्वतःच दर वेळी रेघ मोजून घेत होतं. बाकी तीन रेघा व्यवस्थितच होत्या. केशरी तुकडा तिथेच राहिला.

राहिला म्हणते, पण तो वाढत होता. रोज थोडा. शेवटच्या तारखेपासून मागे, आजच्या दिशेनं. आमच्या बाजूची रेघ रोज एक घर पुढे यायची, आणि तो तिकडून येत होता. मी अनयला पुन्हा सांगितलं तेव्हा त्यानं चष्मा काढून डोळे चोळले.

"आई, डेटात काही नाही. मी बघितलं. तीस तारखेला काहीच नाही. तुझ्या टीव्हीचा प्रॉब्लेम आहे."

"माझा टीव्ही?"

"तूच बघतेस ना तो."

मग मी त्या तुकड्याकडे नीट बघू लागले. त्याची उंची मला बुचकळ्यात टाकत होती. सकाळी मी बॉक्स रूममध्ये एकटी तासभर बसते, तेव्हा केशरी रेघ किती चढते ते मला पाठ होतं. हा तुकडा त्याच्या वर होता. थोडासाच वर. एका माणसाचा श्वास, आणि आणखी थोडा. लहानसा.

तुम्ही हसाल. आमच्या घरी तर हसलेच असते, म्हणून मी सांगितलं नाही. पण मला वाटलं, हे बाळ आहे. ती खोली बाळाची होणार, तिथे मी त्याला मांडीवर घेऊन बसणार, आणि तेच मला आधी दिसतंय. रेघ आधीच पूर्ण असते, अनयनंच सांगितलं होतं. आपण फक्त तिथवर पोचायचं असतं. ज्या रेघेला मी लबाड म्हटलं होतं, तिला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

तारीख जुळत नव्हती. बाळाला नोव्हेंबर उजाडणार होता. पण आशेला कॅलेंडर कुठे वाचता येतं.

दुसऱ्या सकाळी गोपद्मं काढताना मला जाणवलं की मी श्वास घेतेय त्याच्यात कुणाचा तरी श्वास मिसळतोय. मी थांबले. रेडिएटर असेल, म्हटलं. हात लावून बघितला. तो गार होता. सप्टेंबरात कोण रेडिएटर लावतं.

५

महिन्याच्या मध्याला गौरी आल्या.

आमच्याकडे गौर उंबरठ्यापासून पावलांवर येते. मूठ वळायची, तिची कड तांदळाच्या ओल्या पिठात बुडवून उमटवायची, वर बोटांची टिंबं द्यायची. उंबरठ्यापासून आत येणारी पावलं. मग गौर हातात घेऊन त्या पावलांवरून चालायचं आणि प्रत्येक खोलीच्या दारात थांबून तिला ती खोली दाखवायची. ही स्वयंपाकाची, ही धान्याची, ही निजायची. घर तिचं आहे, तिला ओळख करून द्यायची.

कार्पेट खराब होऊ नये म्हणून मी वॉलपेपरच्या खाली लावतात तो कोरा कागद दारापासून जिन्यावरून वर अंथरला. दरवर्षी पावलं बैठकीच्या खोलीत नेते, गौर तिथे बसते. यंदा मी ती जिन्यावरून वर नेली, बॉक्स रूममध्ये. तुकडा त्या खोलीचा होता म्हणून. येणारी तिथे यायची होती म्हणून.

"हे काय, या वर्षी गौरीचं प्रमोशन?" हे जिन्याखालून म्हणाले. "अपस्टेअर्स?"

"लिफ्ट बसवून घ्या म्हणावं," अनय म्हणाला.

अक्षरा वरच्या लँडिंगवर दाराला टेकून उभी होती, पोटावर हात ठेवून. "आई, हा सगळा माझ्यासाठी करताय ना? मला माहीत आहे. पहिल्या टाइमला पण तुम्ही केला होता. दुसऱ्या टाइमला पण." आवाज शांत होता. "काय झाला त्याचं?"

तिचं ते बोलणं जिथून येत होतं ती जागा मला ठाऊक होती, म्हणून मला राग येत नव्हता. मी गौरीचा मुखवटा छातीशी धरला आणि तिच्या दाराशी थांबले. "ही सूनबाईची खोली," मी गौरीला म्हटलं. "इथे ती निजते. हिला नीट बघून ठेव."

अक्षरानं डोळे फिरवले आणि दार लावून घेतलं.

बॉक्स रूममध्ये शेवटचं पाऊल उमटवून मी गौर पाटावर ठेवली. तेव्हा समईची ज्योत वाकली. वारा नव्हता. ज्योत माझ्याकडे वाकली, मग सरळ झाली, मग वाकली. सावकाश. कुणी तिच्या जवळ बसून श्वास घ्यावा तशी.

६

दुसऱ्या दिवशी पान उघडलं तेव्हा उजवीकडे काही मोकळं नव्हतं. तिकडून येणारा तुकडा आजच्या तारखेला येऊन टेकला होता. डावीकडून केशरी रेघ आली आणि त्याला जाऊन मिळाली. या वेळी तो मागे सरला नाही.

त्या सकाळपासून बॉक्स रूमची रेघ खाली उतरेना. मी आत असले, नसले, दार लावलेलं, खोली रिकामी, तरी ती त्या उंचीवर चाललेली. आता ती सगळ्यांना दिसत होती. अनय वैतागला. डबी बदलली, बैठकीतली तिथे लावली. तीही तेच सांगू लागली.

"समई," हे म्हणाले. "एवढ्याशा कोंदट खोलीत दिवा जाळायचा आणि मग हवा जड का म्हणून विचारायचं. प्राथमिक शाळेतलं पोर सांगेल."

समई मी दुपारी शांत करते, हे मी सांगितलं.

"मग तुझा देव श्वास घेत असेल. अभिनंदन. एवढ्या वर्षांनी उत्तर दिलं त्यानं."

समई बाहेर काढून ते स्वतः खुर्ची घेऊन आत बसले, पेपर आणि चहाचा मग घेऊन. "अर्धा तास. मग हा तमाशा बंद." दार लावून घेतलं. मी लँडिंगवर कपडे घड्या करत बसले. आतून आधी पेपराची पानं उलटल्याचा आवाज येत होता. नंतर तो येईनासा झाला.

दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात पेपर नव्हता. चहाचा मग भरलेला तसाच. ते माझ्याजवळ पायरीवर बसले. असे ते माझ्या शेजारी पायरीवर कधी बसले होते, मला आठवत नाही.

"सुप्रभा, ही खोली आपण बंद ठेवू या."

पुढचा टोमणा येईल म्हणून थांबले. आला नाही.

"पाइपचा आवाज असेल," मी म्हटलं. मला तसं म्हणावंसं वाटलं.

"मी आयुष्यभर दुसऱ्यांचे श्वास ऐकले," ते म्हणाले. "मी माझा रोखला. तरी दुसरा चालूच होता. एक लय असते. भूल उतरत आली की माणूस तसा श्वास घेतो. अजून डोळे उघडलेले नसतात. थोडाच वेळ उरलेला असतो." मग त्यांनी माझ्या मांडीवरचा टॉवेल उचलला आणि त्याची घडी करू लागले, अगदी काळजीपूर्वक, कडेला कड लावून. "तुला चहा करून देऊ का?"

मला त्या खोलीची भीती तोवर वाटली नव्हती. त्या चहाची वाटली.

७

तिसऱ्या दिवशी गौरी जातात. मी दहीभात केला, खण-नारळाची ओटी भरली, अक्षता टाकल्या आणि मनापासून सांगितलं, आलीस, पाहिलंस, आता सुखानं जा. मग खाली येऊन टीव्हीवर पान उघडलं, आणि केशरी रेघ उतरत होती. संध्याकाळपर्यंत तळाला गेली. खोली रिकामी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघ. सेन्सरला सेटल व्हायला वेळ लागतो," अनय म्हणाला. त्याच्या आवाजातली ती जुनी हेटाळणी ऐकून मला इतकं बरं वाटलं.

जिन्यावरचा कागद गुंडाळायला मी वर गेले. लँडिंगवर गौरीची पावलं होती, माझ्या मुठीची, बोटांच्या टिंबांसकट, बॉक्स रूमकडे जाणारी. त्यांच्या बाजूला आणखी काही होती. ती बॉक्स रूमकडून निघाली होती. त्यांचं पीठ ओलं होतं, मी दोन दिवसांपूर्वी वापरलेलं पीठ केव्हाच वाळून खडखडीत झालं होतं. ती माझ्या मुठीपेक्षा लहान होती. त्यांना बोटं नव्हती.

ती अक्षराच्या दाराशी संपत होती.

मी कागद गुंडाळला, बाहेरच्या हिरव्या बिनमध्ये टाकला आणि हात धुतले. कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार, आणि काय म्हणून. मीच तर दाखवली होती ती खोली.

दुसऱ्या सकाळी पान उघडलं. रेघा निघायच्या आधीच्या त्या एका श्वासात, उजव्या टोकाला, एक निळा तुकडा होता. निळी रेघ अनय-अक्षराच्या खोलीची.

मी स्वयंपाकघरात गेले. अक्षरा टोस्टला पीनट बटर लावत होती.

"अक्षरा, तू आईकडे जा. हाउन्सलोला. आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी असतं."

"आई, आता काय झाला?"

"काही नाही. रीत आहे. आजच जा."

मग तिनं सुरी खाली ठेवली. "माझ्या रूमचा लाइन वर आहे, अनयनं सांगितला. आई, मी प्रेग्नंट आहे. दोन लोकांचा ब्रीदिंग आहे त्यात. बेसिक सायन्स. तुम्ही प्लीज, प्लीज, माझ्या बाळाला तुमच्या स्टोरीत नका घालू."

"नाही घालत. पण जा."

बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला. "अक्षरा, बेटा, मी सोडतो तुला. बॅग भर."

ती चमकली. सासरे आपल्याला बेटा म्हणतात हे तिला नवीन होतं.

"ओके. तुम्ही दोघं ऑफिशियली क्रेझी झालात," ती म्हणाली आणि बॅग भरायला गेली.

८

ती गेली. अनयही तिच्या मागोमाग गेला, लॅपटॉप घेऊन. जाताना चारही डब्या काढून नेल्या. ते काम त्यानं कंपनीला देऊन टाकलं होतं. रेघ हळूहळू काढली जाणं त्यांना फार आवडलं म्हणे.

आमचं घर रिकामं झालं. आम्ही दोघं खाली राहायचो. वर फक्त मी, सकाळी, पूजेपुरती. गोपद्मं चालूच होती. घेतलेला वसा मधे टाकायचा नाही. आणि सांगायला हवं, खोली चांगली होती. हलकी. तिथे माझ्या श्वासाशिवाय कुणाचा नव्हता.

दर रविवारी दुपारी अक्षराचा फोन यायचा. नेहमीसारखा.

"आई, अजून त्या कबर्डमध्ये बसता का? फ्रेश एअर घ्या जरा."

"आई, माझ्या ममनी पण आता उपास सुरू केला. तुम्ही वायरस आहात."

"बेबी किक करतो. फुटबॉलर आहे. तुमच्या देवाला सांगा, हा लिव्हरपूलचा."

मी फोन कानाला घट्ट लावून ते ऐकायची, एकेक शब्द. ह्यांनाही स्पीकरवर ऐकवायची. ते मान डोलवायचे. आम्ही दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण आम्हाला दोघांना कळत होतं की आपण काय ऐकतोय. ज्यानं तो श्वास ऐकला असेल, त्याला पुन्हा असं हसता येत नाही. ती हसतेय. म्हणजे तिकडे काही गेलेलं नाही. म्हणजे बाळ येणार. त्या चेष्टेवर मी आठवडा काढायची.

नोव्हेंबर लागला. झाडं उघडी झाली. रविवारी फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. स्पीकरवर टाकला.

"आई," अक्षरा म्हणाली. "कशा आहात?"

मी तवा उतरवला.

"बरी आहे. तू?"

"बरी आहे. तुम्ही जेवलात का? बाबा जेवले का?"

"जेवतोय. काय गं, आज कबर्ड नाही का काढलंस माझं?"

ती हसली नाही. "आई, मी तुम्हाला खूप वाईट बोलले. सॉरी. ऐका ना. ती गौरी. तिला पाठवताना नक्की काय म्हणायचं असतं? प्रॉपर वर्ड्स. मला लिहून देता?"

मी गॅस बंद केला. "कशाला?"

"अशीच विचारते." ती थांबली. "आई, अनय दुकानात गेलाय. मम खाली आहे. मी माझ्या जुन्या रूममध्ये आहे. मी एकटीच आहे." मग ती बोलायची थांबली, आणि फोन चालूच राहिला. तिचा श्वास ऐकू येत होता, भराभर, अवघडलेल्या बाईचा. त्याच्या खाली आणखी एक. सावकाश नव्हता तो आता. लहान, मोकळा, ताजा.

ह्यांनी फोन उचलला. स्पीकर बंद केला, कानाला लावला, डोळे मिटले. मी त्यांचा चेहरा बघत होते. किती तरी वेळ ते नुसते ऐकत राहिले. मग ते बोलले, अक्षराशी नाही. तो आवाज मी एकदाच ऐकला होता, माझं ऑपरेशन झालं तेव्हा. शुद्धीवर येणाऱ्या माणसाशी ते बोलायचे तो आवाज, अगदी हळू, अगदी सभ्य.

"कॅन यू टेल मी युअर नेम?"

तिकडून काहीतरी आलं. त्यांनी फोन कानापासून दूर धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"पूर्वी म्हणते," ते म्हणाले. "पूर्वी कोण?"

ते नाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नातीसाठी ठेवलं होतं, आणि एकदाच घेतलं होतं, तेही मनातल्या मनात, गौरीच्या दिवशी, बॉक्स रूममध्ये शेवटचं पाऊल उमटवताना.